लेझेझीत मुक्काम: वेझेर नदीकाठच्या गुहा, कडे आणि किल्ले कसे पाहावेत

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, दोर्दोन्य जिल्ह्यात लेझेझी नावाचं छोटं गाव आहे. एकच मोठा रस्ता, त्याच्यावर पुढे झुकलेला चुनखडीचा कडा आणि पलीकडे संथ वाहणारी वेझेर नदी. काही घरांची मागची भिंत बांधलेलीच नाही, तो सरळ कडा आहे. १८६८ साली, रेल्वे आल्यानंतर इथे रस्त्याचं काम चालू असताना क्रो-मान्यों नावाच्या शैलाश्रयात, म्हणजे कड्याखालच्या निवाऱ्यात, प्राचीन माणसांचे सांगाडे सापडले. हिमयुगातल्या युरोपीय माणसाला जगभर मिळालेलं ‘क्रो-मान्यों’ हे नाव या गावातल्या त्या जागेचं. या खोऱ्यातली पंधरा प्रागैतिहासिक स्थळं १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

बहुतेक सहलींच्या आराखड्यात या भागाला एक दिवस मिळतो: सकाळी आदिम चित्रांसाठी प्रसिद्ध लास्कोची गुहा, दुपारी सार्ला हे जुनं गाव, रात्री परत बोर्दो शहर. माझ्या मते इतक्या लांब येऊन असं करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. चार-पाच दिवस ठेवा, मुक्काम लेझेझीत किंवा आसपासच करा आणि क्रम मोडू नका: आधी संग्रहालय, मग लास्कोची प्रतिकृती (मूळ गुहा बंद आहे), शेवटी अस्सल चित्रगुहा. क्रम उलटा झाला, तर अस्सल गुहेतल्या अंधुक रेषा पुसट डाग वाटतात आणि माणूस हिरमुसला होऊन बाहेर येतो. नजर तयार असेल, तर त्याच रेषांमधून रेनडिअर उभा राहतो.

कधी जावं

मे, जून आणि सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच लोकांच्याच सुट्ट्या असतात, गुहांच्या जागा भरतात आणि दुपारी कड्यांवर ऊन तापतं. नोव्हेंबर ते मार्च गाव निम्मं झोपलेलं असतं; रूफिन्याकची गुहा हिवाळ्यात बंद राहते आणि जानेवारीत आणखीही काही ठिकाणं काही आठवडे कुलूपबंद असतात. आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल, तर प्रत्येक ठिकाणाच्या वेळा एकेक करून तपासा, कारण हंगाम साधारण त्याच सुमारास संपतो.

व्हिसा आणि पोचणं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा. उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून विमानाची तिकिटं पाहण्याआधी व्हिसाच्या भेटीची तारीख पाहा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना बर्जराकचं छोटं विमानतळ सोयीचं आहे. तिथे इंग्लंडहून थेट विमानं येतात आणि लेझेझी तिथून मोटारीने तासाभराच्या आसपास.

भारतातून येणाऱ्यांनी पॅरिसला उतरून मोंपार्नास स्टेशनवरून बोर्दोची वेगवान गाडी धरावी. ती दोन तासांहून थोड्या जास्त वेळात पोचते. पुढे दोन पर्याय आहेत. एक, बोर्दोहून पेरिग्यू आणि तिथून आजांकडे जाणारी स्थानिक गाडी. लेझेझीला स्वतःचं स्टेशन आहे आणि पेरिग्यूहून अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. पण या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत, एक चुकली तर अर्धा दिवस गेला. दुसरा पर्याय, बोर्दोलाच भाड्याची मोटार घेऊन दोन-सव्वादोन तासांत पोचणं.

मोटारीशिवाय जमतं का? जमतं, पण अर्धवट. संग्रहालय, आब्री पातो हा शैलाश्रय, फों-द-गोमची गुहा आणि लोजरी-बासचे कडे गावातून चालत जाण्यासारखे आहेत. कोंबारेलची गुहा थोडी लांब पडते, तरी सायकलने सहज होते. लास्को, रूफिन्याक आणि दोर्दोन्य नदीवरच्या किल्ल्यांसाठी मात्र चाकं लागतात. ॲपवर बोट ठेवलं की दोन मिनिटांत टॅक्सी, असं इथे नाही. टॅक्सी मुक्कामाच्या यजमानांना सांगून आदल्या दिवशी ठरवावी लागते.

मोटार चालवणाऱ्यांसाठी थोडं तपशिलात. भारतीय परवान्याबरोबर आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय चालक परवाना घ्या. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आरक्षणाच्या वेळीच तसं निवडा; ऐन वेळी मिळेलच असं नाही. वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे दोन तासांत अंगवळणी पडतं. अंगवळणी पडत नाही तो नियम वेगळा: फलक किंवा रेषा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही मोठ्या रस्त्यावर असा आणि तो बारीक गल्लीतून येवो, हक्क त्याचाच. गावाच्या नावाची लाल काठाची पाटी लागली की तिथून वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर. तेच नाव तिरक्या रेषेने कापलेलं दिसलं की गाव संपलं. सगळी ठिकाणं फ्रेंच स्पेलिंगसह फोनच्या नकाशात साठवून ठेवा आणि तो नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, कारण दरीत अधूनमधून नेटवर्क जातं.

राहायचं कुठे

दोघंच असाल तर शांब्र दोत, म्हणजे घरगुती खोली आणि नाश्ता. कुटुंब असेल, सोबत आजी-आजोबा असतील, तर झीत घ्या: स्वयंपाकघरासह पूर्ण घर. जुलै-ऑगस्टमध्ये झीत सहसा शनिवार ते शनिवार असं आठवडाभरासाठीच देतात. स्वयंपाकघराचा फायदा किती मोठा, ते खाण्याच्या भागात कळेल. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद असतात, सोमवारी अनेक उपाहारगृहं बंद असतात. शनिवारी भाजी-दूध-ब्रेड भरून ठेवा.

दुकानात, तिकीटखिडकीवर, अगदी बेकरीत शिरतानाही आधी ‘बोंजूर’ म्हणायचं आणि मग कामाचं बोलायचं. थेट ‘दोन तिकिटं’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो आणि पुढचं सगळं संभाषण जड जातं.

तिकिटं: मुक्कामाआधी हेच काम

आधी अस्सल गुहेची तारीख आणि वेळ पक्की करा, मग बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवा. कारण असं की माणसांचा श्वासच चित्रांचा शत्रू आहे, म्हणून आत जाणाऱ्यांची संख्या कडक मोजलेली असते.

लास्कोचं काय झालं ते पाहा. १२ सप्टेंबर १९४० ला मार्सेल राविदा आणि त्याचे तीन मित्र या गुहेत उतरले. १९४८ मध्ये ती लोकांसाठी उघडली आणि रोज शेकड्यांनी माणसं आत जाऊ लागली. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओलावा आणि दिव्यांचा उजेड यांनी भिंतींवर हिरवी शेवाळं धरली, पांढरे क्षार साचू लागले. १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. सर्वसामान्यांना ती पुन्हा उघडलेली नाही. अजिंठा पाहिलेल्या माणसाला वाटतं, तिथे तर शतकानुशतकं माणसांचा वावर होता. पण अजिंठ्याची लेणी राहण्यासाठी आणि उपासनेसाठीच खोदलेली, दाराशी उजेड-वारा असलेली. इथल्या खोल गुहांत मुळात कुणी राहतच नव्हतं. माणसं कड्याखालच्या शैलाश्रयात राहत आणि आत, काळोखात, फक्त चित्रांसाठी जात. हजारो वर्षं बंद राहिलेली ती हवा होती.

म्हणून कामं या क्रमाने करा. सर्वांत आधी फों-द-गोम आणि कोंबारेल. या दोन्ही गुहा राष्ट्रीय स्मारक केंद्राकडे आहेत. गट अगदी लहान असतात आणि हंगामातल्या जागा भराभर जातात. आरक्षणाची पद्धत अधूनमधून बदलते, तेव्हा केंद्राच्या संकेतस्थळावर तुमच्या तारखांसाठी काय लिहिलंय ते वाचूनच पुढे जा. इंग्रजीतल्या फेऱ्या थोड्या असतात. मिळाली नाही तर फ्रेंच फेरी घ्या, पण जा. त्यानंतर लास्कोच्या प्रतिकृतीचं वेळेचं तिकीट ऑनलाइन काढा, तिथे इंग्रजी मार्गदर्शक सहज मिळतो. रूफिन्याकचा खाक्या वेगळा: तिकीट परंपरेने तिथेच, त्याच दिवशी मिळतं. उन्हाळ्यात सकाळी उघडायच्या वेळेलाच पोचलात तर निर्धास्त.

पहिला दिवस गावातच

प्रवासाचा शीण असतो, म्हणून मोटारीला हात लावू नका. कड्याला टेकून उभं असलेलं राष्ट्रीय प्रागैतिहासिक संग्रहालय पाहा. सध्याची इमारत २००४ ची, शेजारी जुना गढीवजा वाडा. या संग्रहालयामागे दनी पेरोनी या गावच्या शाळामास्तरांची धडपड आहे. १९०१ मध्ये कोंबारेल आणि फों-द-गोमच्या शोधांतही ते होते. गच्चीवर पोल दार्दे या शिल्पकाराचा दगडी आदिमानव खोऱ्याकडे बघत उभा आहे. आता शास्त्राने मोडीत काढलेली, पोक काढलेल्या रानटी माणसाची ती कल्पना आहे, पण गावाला तो फार आवडतो.

संग्रहालयात सगळं पाहायला जाऊ नका. दगडी हत्यारांची शेकडो कपाटं आहेत आणि तासाभरात सगळे दगड सारखे दिसू लागतात. दोनच गोष्टींवर वेळ घालवा: थरांची रचना, म्हणजे कोणत्या थरात काय सापडलं, आणि हाडं-शिंगांवरचं कोरीवकाम. मागे वळून अंग चाटणारा बायसन तळहाताएवढाही नाही, पण तो पाहिल्यावर या लोकांना प्राण्यांचं अंग किती पाठ होतं ते कळतं. याच भागातल्या जागांवरून अश्मयुगीन संस्कृतींना नावं पडली आहेत: ल मूस्तिएवरून मूस्तेरियन, ला मादलेनवरून मॅग्डालेनियन. संग्रहालय उन्हाळा सोडल्यास मंगळवारी बंद असतं आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट.

लास्को: नक्कल आहे हे मान्य करून पाहा

मोंतिन्याक गाव लेझेझीहून साधारण २५ किलोमीटर. डोंगराच्या पायथ्याशी डिसेंबर २०१६ मध्ये उघडलेली लास्को-४ ही पूर्ण गुहेची प्रतिकृती आहे. त्याआधीची, १९८३ ची लास्को-२ वर टेकडीवर आहे आणि तिच्यात गुहेचे दोनच मोठे भाग आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने चौथीच घ्यावी.

‘नकली गुहेला एवढे पैसे?’ हा प्रश्न घरातलं कुणीतरी विचारणारच. उत्तर असं की इथे तुम्ही नीट पाहायला शिकता. बैलांच्या दालनात पाच मीटरहून लांब बैल आहे. त्याची शिंगं पुढून दिसावीत तशी आणि शरीर बाजूने काढलंय. खडकाचा फुगवटा पोटासाठी वापरलाय, भेग पाठीच्या रेषेसाठी. फेरीनंतरच्या मोठ्या दालनात गुहेचे तुकडे सुटे टांगले आहेत, तिथे रेंगाळा: एकावर एक काढलेली चित्रं कोणत्या क्रमाने आली, ते प्रकाश टाकून दाखवतात. दोन-अडीच तास धरा. बुधवारी मोंतिन्याकला आठवडी बाजार असतो, त्यामुळे त्या सकाळी गाडी लावायला जागा शोधावी लागते.

परतताना मुख्य रस्ता सोडून सँ-लेओं-स्युर-वेझेरला थांबा. नदीकाठी बाराव्या शतकातलं रोमनेस्क चर्च, दगडी कौलांची छपरं, सावली. अर्धा तास पुरे.

अस्सल गुहा

फों-द-गोमला तिकीटघरापासून गुहेच्या तोंडापर्यंत चढ आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी वीस मिनिटं हाताशी ठेवावीत. पिशव्या बाहेर, फोटो बंद. आत सुमारे तेरा अंश तापमान असतं, बाहेर पस्तीस असलं तरी. जाकीट न्या. वाट काही ठिकाणी इतकी अरुंद होते की खांदे तिरके करावे लागतात, तेव्हा बंद जागेची भीती असलेल्यांनी आधी विचार करावा. सामान्य माणसाला अजूनही पाहता येतील अशा बहुरंगी आदिम चित्रांच्या अस्सल गुहा फारच थोड्या उरल्या आहेत, त्यातली ही एक. मार्गदर्शक दिवा तिरका धरतो आणि खडकातून बायसनांची रांग उमटते. गुडघे टेकलेल्या मादीचं कपाळ चाटणारा नर रेनडिअर इथेच आहे. त्याचा रंग बराच उडालाय, पण कोरलेली रेष टिकून आहे. मार्गदर्शकाचं बोट कुठे फिरतं तिकडे लक्ष ठेवा.

कोंबारेलमध्ये रंग जवळजवळ नाहीतच. सहाशेहून अधिक कोरीव आकृत्या, लांब अरुंद बोगदा आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांचा गट. पाणी पिणारा रेनडिअर मला या खोऱ्यातलं सर्वांत सुंदर रेखाटन वाटतं. लहान मुलांना मात्र इथे कंटाळा येतो. त्यांना रूफिन्याकला न्या.

रूफिन्याकच्या गुहेत आठ किलोमीटरची भुयारं आहेत आणि आत विजेवर चालणारी छोटी रेल्वे जाते. म्हातारी माणसं आणि मुलं दोघांसाठीही ही गुहा सर्वांत सोपी. वाटेत गुहेतल्या अस्वलांनी हिवाळी झोपेसाठी केलेले खड्डे आणि भिंतींवर त्यांच्या नखांचे ओरखडे दिसतात. माणसं यायच्या कितीतरी आधीचे. मग मॅमथ सुरू होतात, एकूण दीडशेहून जास्त. शेवटी गाडीतून उतरून मोठ्या छताखाली उभं राहायचं. आज तिथे आपण ताठ उभे राहतो, कारण जमीन पुढे खोदून खाली केली. चित्रकाराने मात्र आडवं पडून, पूर्ण चित्र एका नजरेत कधीच न पाहता, ही जनावरं काढली. छतावर जुन्या काळच्या फिरस्त्यांनी काजळीने लिहिलेली नावंही आहेत. गडकिल्ल्यांच्या भिंतींवर बदाम कोरणाऱ्यांचे पूर्वज सगळीकडे होते!

वेळ उरला तर दोन शैलाश्रय. काप ब्लांमध्ये खडकातून उठावात कोरलेल्या घोड्यांची रांग आहे. तिथे सापडलेला स्त्रीचा सांगाडा शिकागोच्या संग्रहालयाकडे गेला. आब्री द्यु प्वासोंमध्ये छतावर सुमारे मीटरभर लांबीचा सामन मासा आहे आणि त्याच्याभोवती छिन्नीचा खोल चर. १९१२ मध्ये तो कापून परदेशी विकायचा डाव होता, तो अर्ध्यावर थांबवला गेला. या दुसऱ्या जागेला आरक्षणाशिवाय जाऊ नका.

कडा आणि नदी

लेझेझीहून दहाएक किलोमीटरवर ला रोक सँ क्रिस्तोफ. किलोमीटरभर लांब आणि ऐंशी मीटर उंच कडा, त्यात पाच मजल्यांवर माणसांची वस्ती. मध्ययुगात इथे अख्खं गाव आणि गढी होती; कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धांच्या काळात, १५८८ मध्ये, ती पाडली. आज रिकामे कट्टे, तुळयांसाठीची भोकं आणि दगड उचलायच्या मध्ययुगीन यंत्रांच्या नकला दिसतात. पायऱ्या बऱ्याच आहेत, ऊन थेट येतं, सकाळी जा.

हाच कडा खालून पाहायचा तर कॅनू. सँ-लेओंहून लेझेझीपर्यंत अर्धा दिवस लागतो. भाड्याने देणारे तुम्हाला गाडीने वर नेऊन सोडतात, प्रवाहाबरोबर खाली यायचं, वल्ह्यांची फार मेहनत नाही. पोहता येणं गरजेचं, जीवरक्षक जाकीट सक्तीचं. पासपोर्ट मुक्कामी ठेवा; फोनसाठी झाकणाचा पिंप देतात. पायात पट्ट्याचे सँडल हवेत, चपला वाहून जातात. पाऊस जास्त झाला तर नदी बंद असते, तेव्हा कॅनूचा दिवस शेवटचा ठेवू नका.

एक दिवस दोर्दोन्य नदीवर

अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर बेनाक आणि कास्तेलनो हे किल्ले नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर उभे आहेत. शंभर वर्षांच्या युद्धात एक फ्रेंचांकडे, तर दुसरा बराच काळ इंग्रजांकडे. दोन्ही पाहायची गरज नाही. मुलं असतील तर कास्तेलनो: तिथे मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आणि दगड फेकणारी भलीमोठी यंत्रं आहेत. ज्यांना नुसती वास्तू आणि नदीचा देखावा हवा, त्यांनी बेनाक.

जवळच मिलांदचा वाडा. अमेरिकेत जन्मलेल्या नर्तकी-गायिका जोसेफिन बेकर यांनी तो विकत घेतला, वेगवेगळ्या वंशांची बारा मुलं दत्तक घेऊन इथे वाढवली आणि कर्जापायी अखेर वाडा गमावला. युद्धकाळात त्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत होत्या. २०२१ मध्ये पॅरिसच्या पाँतेओंमध्ये, म्हणजे देशाच्या थोर व्यक्तींच्या स्मारकात, त्यांना मान मिळाला. गाणं-नाच आवडत नसलेल्यानेही पाहावं असं हे घर आहे.

ला रोक गाजाकला कड्याखालून फेरी मारा. सपाट तळाच्या जुन्या पद्धतीच्या होड्यांतून नदीची सफर होते. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी असतो. शनिवारी नऊच्या आत पोचा, नाहीतर गाडी लावण्यातच सकाळ संपते. मालरो यांच्या १९६२ च्या कायद्याखाली जुनी वस्ती जपण्याचे जे प्रयोग सुरुवातीला झाले, त्यात सार्ला होतं, म्हणून मधलं गाव इतकं अखंड राहिलंय.

शाकाहारी माणसाने काय खावं

पेरिगोर (दोर्दोन्यचं जुनं नाव) हा बदक आणि हंसांचा मुलूख. ‘सार्लादेज’ बटाटे दिसायला निरुपद्रवी, पण ते बदकाच्या चरबीत परततात. लसणाचं तूरँ सूपही बऱ्याचदा तसंच. पेरिगोर सॅलडमध्ये बदकाच्या पोटातले तुकडे असतात. मागवताना ‘सां व्यांद, सां प्वासों, सां ग्रेस द कानार’ म्हणा: मांस नको, मासे नकोत, बदकाची चरबी नको. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे रानटी अळंब्यांचं ऑम्लेट (अंडं चालत असेल तर), गरम काबेकू या बकरीच्या चीजचं सॅलड आणि अक्रोडाचा टार्ट. जेवण बारा ते दोनमध्येच. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद. बाजारातून टोमॅटो, स्ट्रॉबेरी, चीज, ब्रेड घेऊन झीतमध्ये वरण-भात लावणं हा उत्तम तोडगा. डाळ, हिंग, मसाला भारतातून न्या. गावात मिळणार नाहीत.

पादिराक आणि रोकामादूर

शेजारच्या लो जिल्ह्यातल्या या दोन जागा यादीत सगळेच घालतात. पादिराकचं विवर पंचाहत्तर मीटर खोल आहे, तळाशी नदी आहे आणि तिच्यावर नावेतून जाता येतं. एदुआर-आल्फ्रेद मार्तेल १८८९ मध्ये तिथे उतरले. रोकामादूर हे कड्याला चिकटलेलं तीर्थक्षेत्र: २१६ पायऱ्या आणि वर मेरीची काळी मूर्ती. दोन्ही अप्रतिम आहेत, पण लेझेझीहून एका बाजूला सव्वा ते दीड तास लागतो. पाच दिवसांहून कमी वेळ असेल तर सरळ वगळा. जाणारच असाल तर पादिराकचं सकाळचं तिकीट ऑनलाइन काढा, रोकामादूर दुपारनंतर ठेवा आणि त्या रात्रीचा मुक्काम तिकडेच करा. परतीची गाडी लेझेझीऐवजी ब्रीव्ह स्टेशनवरून धरता येते. तिथून पॅरिसला थेट गाड्या आहेत, मात्र भाड्याची मोटार तिथे सोडायचा जादा आकार आधी विचारून घ्या.